चित्रण्णांचं मार्केटिंग

आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या सोसायटीतल्या एका काकांना ठसका लागला आणि बोलणी मात्र मला बसली. आता माझा त्यात काय दोष? म्हणजे दोष सगळा माझाच आहे, पण तो पुढे येतो.

तर मी मंगला, नागपूरची. आजीचं नाव नातीला, म्हणून ऐन पंचविशीत मी मंगला! नोकरी बंगळुरूला, व्हाइटफील्डमध्ये, मार्केटिंगची. आमची कंपनी एक सॉफ्टवेअर विकायची. ते नेमकं काय करतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण विकलं मात्र धडाक्यात.

राहायला इंदिरानगरात. आज तिथे काचेचं कॅफे आहे, कॉफीचं नाव वाचेपर्यंत तहान मरते. पण तेव्हा तिथे कौलारू घर होतं हो! पुढे व्हरांडा, मागे चिकूचं झाड आणि गच्चीवर एक खोली. त्या खोलीत मी भाड्यानं. खाली अण्णा आणि अक्का, दोघंच.

घराणं मराठी, पण पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेले. पहिल्याच दिवशी अक्का म्हणाल्या, "मंगला, स्वल्प कॉफी पितीस काय गे?"

मी चाट! स्वल्प! काय शुद्ध मराठी! आपण नागपूरकर 'जराशी' म्हणतो, आणि इथे थेट स्वल्प! पुढे कळलं की कन्नडमध्ये रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळेच स्वल्प म्हणतात. आणि अक्कांची स्वल्प कॉफी म्हणजे काठोकाठ भरलेला पितळी पेला. त्या कॉफीचा वास अजून कधीकधी सकाळी नाकात येतो. मग स्वयंपाकघरात जाते, तर तिथे माझी टी-बॅग.

असो. अण्णांचं सांगत होते.

अण्णा एका ऑफिसात नकाशे काढायचे. रिटायर झालेले. पण दर रविवारी, म्हणजे त्यांच्या आयतवारी, सकाळी रंगांची पेटी घेऊन निघायचे आणि जुन्या बंगळुरूची चित्रं काढायचे. गल्ल्या, कौलं, ओसऱ्या, सायकलवरचा दूधवाला. एकेक घर असं हुबेहूब की वाटावं, कडी वाजवली तर आतून कोणी ओ देईल. चित्रं कपाटामागे, खाटेखाली, गादीखाली. पाहुणे आले की भिंतीवरचीसुद्धा उलटी करून ठेवायचे!

"काहून अण्णा?" मी विचारलं.

"आपली चित्रं आपणच दाखवायची? बेड गे. लोक म्हणतील, आला मोठा." बेड म्हणजे नको. अण्णांच्या तोंडात हा शब्द सगळ्यात जास्त.

प्रत्येक चित्रात कुठेतरी कोपऱ्यात एक माकड असायचं. कौलावर, पाण्याच्या टाकीवर, कुठेही.

"हे मंग," अण्णा सांगायचे. कन्नडमध्ये मंग म्हणजे माकड. "आमच्या गच्चीवर यायचं. भारी उपद्व्यापी! अक्काचे सगळे संडगे पळवायचं. पण यायचं बंद झालं ना, तर घर सुनं सुनं झालं बघ."

एका संध्याकाळी अक्का मेथी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "घर बिल्डरला दिलंय गे. पुढच्या महिन्यात आम्ही देवनहळ्ळीला, मुलाच्या फ्लॅटवर. जागा लहान. हे रद्दीवाल्याशी बोलून आलेत."

"कशाबद्दल?"

"चित्रांबद्दल." आणि मग हळूच, "एवढ्या वर्षांचे आयतवार आहेत गे ते. माझे पण."

त्यांचे डोळे भरले आणि माझं डोकं फिरलं. रद्दी? मी, मार्केटिंगवाली, वरच्या खोलीत जिवंत असताना? मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "अण्णा, प्रदर्शन भरवायचं! ह्याच व्हरांड्यात! एकूण एक चित्र चांगल्या घरी गेलं पाहिजे."

"बेड गे..."

"बेडबिड काही नाही!"

मग सुरू झालं अण्णांचं ट्रेनिंग. रोज ऑफिसातून आले की त्यांना आरशासमोर उभं करायची. "म्हणा, मी चित्रकार आहे."

अण्णा आरशाकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग खिडकीतून चिकूकडे. "मी... स्वल्प... चित्रं..."

"ते स्वल्प काढून टाका!"

"मग काय उरलं गे?"

आठवडाभर ही कसरत. मी भाषणं झोडायची. कलाकारानं लाजून कसं चालेल, स्वतःचा ढोल स्वतःच वाजवावा लागतो, ब्रँड पाहिजे ब्रँड! अण्णा मान डोलवायचे आणि सुपारी कातरायचे. शेवटी कबूल झाले ते एवढंच, "चार शेजारी बोलव. बस्स."

ब्रँड मात्र मला आयता मिळाला. गल्लीतली पोरं शाळेचे तक्ते काढून घ्यायला अण्णांकडे यायची आणि त्यांना चित्रण्णा म्हणायची. चित्र काढणारे अण्णा, चित्रण्णा. वा! लहान, गोड, लक्षात राहणारं. असं नाव शोधायला आमच्या ऑफिसात चार मीटिंगा लागल्या असत्या.

मी लगेच कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याला मोबाइलवर मजकूर पाठवला. मला कन्नड लिहिता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत. वर मोठ्ठं 'चित्रण्णा'. खाली, रविवारी सकाळी दहा वाजता, जुन्या बंगळुरूची चव, सर्वांना मोफत. म्हटलं, कन्नडमध्ये छाप, एक बॅनर आणि गठ्ठाभर पत्रकं.

त्याचा फोन आला तेव्हा मी कॅबमध्ये, मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये. आमचं संभाषण अर्थातच हिंदीत.

"मॅडम, चित्रान्ना ही ना?"

"हाँ हाँ, चित्रन्ना!"

"एकदम फ्री?"

"एकदम फ्री!"

"कितने लोगों के लिए?"

"जितने आएँगे, सबके लिए!"

"बहुत पुण्य का काम है मॅडम," तो म्हणाला. मला भरून आलं. म्हटलं, बघा, छपाईवाल्यालासुद्धा कलेची कदर!

मग त्यानं नमुना पाठवला. अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण खाली छोटंसं चित्र होतं. पिवळंधमक काहीतरी, मध्ये हिरवे-लाल ठिपके. अण्णांनी पिवळ्या फुलांच्या झाडाचं एक चित्र काढलं होतं, म्हटलं हेच ते. "ब्यूटिफुल!" असं कळवून मोकळी झाले.

पत्रकं पेपरवाल्याकडून घरोघर टाकली. फक्त अण्णांच्या घरी टाकू नको म्हटलं, नाहीतर गर्दीच्या भीतीनं ते गावच सोडून जायचे. रविवारी सकाळी मीच व्हरांड्याच्या भिंतींवर चित्रं लावली आणि फाटकाला बॅनर बांधला. अण्णा? ते पहाटेच आंघोळीला म्हणून न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावून बसले!

आणि मग लोक यायला लागले.

बाप्पा रे, काय लोक! पेन्शनर, बायका, कडेवर पोरं, रिक्षावाले. साडेनऊलाच फाटकापासून कोपऱ्यापर्यंत रांग! मी हरखले. मनात म्हटलं, काय रसिक शहर आहे! नागपुरात प्रदर्शनाला माणसं आणायची तर घरून रिक्षा पाठवावी लागते. फक्त एक गोष्ट जरा खटकली. बऱ्याच जणांच्या हातात स्टीलचे डबे होते.

रांगेतली पहिली बाई, जरीकाठाचं पातळ, केसांत मोगरा. "चित्रान्ना किधर है?"

"अंदर हैं," मी म्हटलं. "अभी बाहर निकालती हूँ।"

"गरम है?"

"नहीं नहीं! बहुत ठंडे स्वभाव के हैं।"

बाईनं जरा विचित्र बघितलं. मागचे आजोबा पुढे झाले. "नींबू का है या आम का?"

मला वाटलं, झाडांची चित्रं विचारतायत. "आम का भी है, चीकू का भी! इस गली का एक पेड़ नहीं छोड़ा!"

"चीकू का?" आजोबांचा चेहरा पडला. बायकोकडे वळून ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. आजची पिढी, देवा, असं काहीतरी असावं.

"पार्सल मिलेगा?" एका रिक्षावाल्यानं डबा वर केला.

"क्यों नहीं? पसंद आए तो घर ले जाइए! दीवार पर लगाइए!"

"दीवार पर?"

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. रांग बघितली. डबे बघितले. फाटकापर्यंत गेल्या, बॅनर वाचला आणि कपाळावर हात मारला. "अय्यो देवा! मंगला! हे काय छापलंस गे?"

"चित्रण्णा! आपले अण्णा!"

"अगे, हे चित्रण्णा नव्हे. हे चित्रान्न! फोडणीचा लिंबूभात! तू गल्लीला जेवायला बोलावलंस की!"

तुम्हीच सांगा, इंग्रजीत लिहिलं तर दोन्ही सारखंच की नाही? आणि लिंबूभाताला चित्रान्न म्हणतात हे मला काय ठाऊक? ऑफिसच्या कँटीनमध्ये मी तो लेमन राईस म्हणून गिळत होते. पिवळ्या फुलांचं झाड कसलं, तो पानावर वाढलेला भात होता. ते हिरवे-लाल ठिपके म्हणजे कढीपत्ता आणि मिरच्या!

आता हे लोक चिडणार, निघून जाणार, आणि संध्याकाळी अण्णांनी बोलावलेला रद्दीवाला येणार. रडकुंडीला आले. "अक्का, मी त्यांना परत पाठवते. माफी मागते."

अक्कांनी पदर खोचला. "दारात आलेला माणूस उपाशी परत? ह्या घरातून? आणि ते पण शेवटच्या महिन्यात? खुळी काय तू? जा, लिंबं आण."

मी धावले. शेजारच्या घरांतून तांदूळ आले, कुठून शेंगदाणे, कुठून मोठं पातेलं. जरीकाठाची बाई आपण होऊन मिरच्या चिरायला बसली. पण भात काय फुंकर मारून शिजतो? तासभर तरी लागणार. तोवर लोक व्हरांड्यात बसून राहिले, आणि बसून राहिलं की माणूस काय करतो? भिंती बघतो.

मी लिंबांची पिशवी घेऊन परत आले तर सगळे भिंतींकडे वळलेले. ते आंब्यावाले आजोबा एका चित्रासमोर उभे. चित्रातल्या खिडकीवर बोट ठेवलेलं. "ये मेरा घर है," ते म्हणाले. "ये खिड़की... यहाँ मेरी माँ बैठती थी।"

मग कोणाला आपली शाळा सापडली, कोणाला कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, कोणाला आपला बाप सायकलवर. जी घरं कधीच पाडली गेली, ती सगळी तिथे भिंतीवर उभी होती. रिक्षावाला डबा काखेत मारून एकेक चित्र बघत होता. मी लिंबं कापत होते आणि डोळ्यांत पाणी. लिंबाचं म्हटलं सगळ्यांना.

एवढ्यात कोणीतरी चित्रातलं झाड दाखवून ठणकावून सांगितलं की हा कडुलिंब.

न्हाणीघराची कडी खाडकन उघडली.

"कडुलिंब नव्हे!" खांद्यावर टॉवेल, पायांत एकच चप्पल, आणि अण्णा! "करंज होता तो! मी सावलीत बसून काढलाय!"

आणि मग जे सुरू झाले! हे घर कोणाचं, त्या ओसरीवर कोण पत्ते खेळायचं, ह्या माकडानं कोणाचं धोतर पळवलं, सगळं कन्नडमध्ये, हातवारे करून. अर्थ मला मागून अक्कांनी सांगितला. आरशासमोर ज्या माणसाच्या तोंडून एक वाक्य निघत नव्हतं, तो भात तयार झाल्यावरसुद्धा थांबेना! एका हातात डाव, वाढता वाढता बोलतायत. कोणीतरी विचारलं, "तुम्ही कोण?" तर अण्णा म्हणाले, "मी चित्रकार." स्वल्प वगैरे काही नाही! अक्का पातेल्याआडून बघत राहिल्या. त्यांना तसं बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दुपारपर्यंत भिंती रिकाम्या. डब्यात चित्रान्न आणि काखेत चित्र, असे लोक घरी गेले. पैसे म्हणाल तर प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं अक्कांच्या हातात ठेवले. रद्दीवाला आला, त्यालाही भात वाढला. खाटेखालचं शेवटचं चित्र तो घेऊन गेला, आणि तेही स्वतःच्या घरी लावायला!

घर पडलं. चिकू गेला. अण्णा-अक्का देवनहळ्ळीला. आता अण्णा काय थांबतायत? लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात, "मी चित्रकार, वर येऊन बघा." तिथल्या किल्ल्याची, शेतांची, शेतांवर उगवणाऱ्या इमारतींची चित्रं काढतात. परवा त्यांचं मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. पत्रिका त्याच छपाईवाल्याकडून. मला आता कन्नड वाचता येतं, एवढा मार खाल्ल्यावर न शिकून सांगते कोणाला! बोट ठेवून ठेवून वाचली. वर 'चित्रण्णा', अगदी बरोबर. आणि तळाला, 'हे सगळं जिच्यामुळे घडलं, तिचे आभार.' पुढे माझं नाव.

फक्त शेवटचं अक्षर गाळलेलं. मंगलाचं मंग!

मी तडक फोन लावला. "अण्णा! त्या माणसानं ह्या वेळी पण घोळ घातला! अहो, माकड छापलंय मला!"

पलीकडे अण्णा शांतपणे सुपारी कातरत होते. आवाज ऐकू येत होता.

"घोळ नव्हे गे," म्हणाले. "प्रूफ मीच तपासलं."