एमेटचे आकड्यांचे भोपळे

जोलीनच्या घराचा नंबर सोळा, आणि पायऱ्यांवर भोपळा होता अठराचा आकडा कोरलेला. मुलीला, टेसाला, शाळेच्या बसवर सोडायला ती सकाळी बाहेर पडली तेव्हा तो दिसला, आणि तेव्हापासून काही केल्या मनातून जाईना. शेजारच्या अठरा नंबरात डॉटी राहते. तिच्या दारात सोळाचा भोपळा होता आणि डॉटी हातात कॉफीचा मग घेऊन, गाऊनवरच, अंगणात हसत उभी होती.

"बघितलंस का? म्हाताऱ्यानं यंदा खोडी काढलीय. एकतीस वर्षं टपाल वाटलं, एक पत्र इकडचं तिकडे गेलं नाही, आणि आता भोपळे चुकवतोय!"

"गंमत केली असेल," जोलीन म्हणाली.

"गंमतच गं. हॅलोविन आहे."

पण जोलीनला हसू येईना. एमेट डोब्रिक थट्टा करायचे, नाही असं नाही. डॉटीच्या गाऊनवर, जोलीनच्या केकवर, स्वतःच्या टकलावरसुद्धा. पत्त्यावर मात्र त्यांनी कधी थट्टा केली नव्हती.

बटरनट लेन म्हणजे ओहायोतल्या एका लहानशा गावाच्या टोकाची एकोणीस घरं, एका बाजूला सम नंबर, समोर विषम. झाडी दाट, रस्त्यावर दिवे नाहीत. एमेटनी निवृत्त होईपर्यंत इथलं टपाल वाटलं, आणि ते राहतातही इथंच, सोळाच्या समोर. फार पूर्वी एका हॅलोविनला गल्लीच्या टोकाची वांडा नावाची बाई मांडीवर चॉकलेटांचं भांडं घेऊन रात्री दहापर्यंत बसून राहिली. घरोघर चॉकलेटं मागत फिरणाऱ्या पोरांना अंधारात तिचं घर दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी टपाल द्यायला गेलेल्या एमेटना तिनं ते भरलेलं भांडंच पुढे केलं. "घे, तूच खा." पुढच्या वर्षापासून एमेट भोपळे कोरायला लागले. हॅलोविनच्या नेहमीच्या भोपळ्यासारखे डोळे नाहीत, दात नाहीत, नुसता घराचा नंबर. आत दिवा लावला की आकडा पार रस्त्यापर्यंत दिसायचा.

आधी शेतातले खरे भोपळे असत. ते आठवड्यात कुजून बसायचे, नाहीतर हरणं येऊन खायची. मग त्यांच्या बायकोनं, लव्हॉननं, दुकानातून फोमचे आणले. फोमचा भोपळा कुजत नाही. एकदा कोरला की वर्षानुवर्षं चालतो. लव्हॉन गेली, भोपळे राहिले. एमेटच्या गॅरेजात भिंतीवर फळ्या आहेत आणि त्यांवर गल्लीच्या क्रमानं एकोणीस भोपळे, टपालकचेरीत पत्रं लावतात तसे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे ते सगळे वाटून येतात. नोव्हेंबर लागला की गोळा करतात.

जोलीन नव्यानं राहायला आली त्या वर्षी तिनं हौसेनं स्वतःच एक भोपळा विकत आणला होता. एमेटनी तो हातात घेतला, उलटा केला आणि परत दिला.

"हा टेबलावर मांडून ठेव, पोरी. कोरायचा नाही हा."

"का? छान तर आहे."

"भरीव आहे. सुरी घातलीस तर आत नुसता भुसा. पोकळ लागतो." त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक करून दाखवलं. "पाकीट हातात घेतल्यावर कळतं ना, आत बिल आहे की वाढदिवसाचं कार्ड? तसं."

तेव्हापासून भोपळा निवडायला ती त्यांच्याबरोबर जायची. देठाजवळ अंगठा दाबून जाडी बघायची. झाकण कापायचं नाही, भोक बुडाला पाडायचं, म्हणजे वरून भोपळा अख्खा दिसतो. आणि आत मेणबत्ती कधीच नाही, बॅटरीचा दिवाच, नाहीतर फोम पेट घेतो. हे सगळं तिला एमेटनी शिकवलेलं. तिनं निवडलेला भोपळा मात्र त्यांना एकदाही पटला नव्हता.

भोपळ्यांची अदलाबदल दिसली त्याच दिवशी दुपारी ती समोर एमेटकडे गेली. बावीस नंबरात नवं कुटुंब आलं होतं आणि त्या घराचा जुना भोपळा आधीचे लोक आठवण म्हणून घेऊन गेले होते, तेव्हा नवा आणायचाच होता.

"चला, माझी गाडी काढते," ती म्हणाली.

"माझा ट्रक काय आजारी आहे?" एमेट किल्ली घेऊन पुढे झालेसुद्धा.

ट्रक हळू चालला होता. एमेट सरळ पुढे न बघता मान जरा वळवून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बघत होते, शिवणाऱ्यानं टाक्यावर नजर ठेवावी तशी. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा हिरवा डबा होता. उजवा आरसा त्याला लागला आणि डबा आडवा झाला.

"कुणी ठेवला हा इथं?" एमेट म्हणाले.

डबा दर बुधवारी तिथंच असतो. आणि रोज सकाळी साडेसातला, त्याच जागी, टेसा पाठीला दप्तर लावून बसची वाट बघत उभी असते. जोलीननं दाराची मूठ घट्ट धरली आणि दुकान येईपर्यंत सोडली नाही.

दुकानात एमेट पुन्हा पहिल्यासारखे झाले. टोपलीतले पाच-सहा भोपळे त्यांनी उचलले, तोलले, वाजवले, नाकारले. सातवा हातात राहिला. मग त्याची चिठ्ठी त्यांनी तिच्याकडे वळवली.

"कोरायचाच आहे ना हा, बघ. चष्मा विसरलो मी."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता.

"कोरायचाच आहे," ती म्हणाली.

गॅरेजचं दार त्यांनी वर केलं, कारण तापणारी सुरी फोममधून गेली की धूर निघतो आणि तो बाहेर जायला हवा. पूर्वी ते आकडा आधी पेन्सिलीनं काढायचे. आज टाचण्यांचा डबा घेतला. एकेक टाचणी टोचत, डाव्या हाताच्या बोटानं मागची चाचपत, त्यांनी दोनाचा आकडा टाचण्यांनीच काढला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग टाचणीला टेकवून सुरी चालवली. कापलेला तुकडा आत पडला. काठ असा स्वच्छ निघाला, जसा जोलीनचा पेन्सिलीनं आखूनही कधी निघाला नव्हता.

तिनं फळ्यांकडे पाहिलं. प्रत्येक फळीच्या कडेला नवे खिळे होते; पहिल्या घराला एक, दुसऱ्याला दोन, असे बोटांनी मोजायचे. सम नंबरांच्या फळीवर नवव्या, म्हणजे अठराच्या, जागेचा एक खिळा गळून खाली पडला होता; तिथंही आता आठव्या, सोळाच्या, जागेइतकेच खिळे होते.

"एमेट, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"सोळा आणि अठरा."

त्यांनी सुरीचं बटण बंद केलं. ती थंड व्हायला विटेवर ठेवली. बराच वेळ हातावर चिकटलेला फोमचा भुसा झटकत राहिले. तो काही निघत नाही, चिकटूनच बसतो.

"अदलाबदल झाली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"डॉटी काय म्हणाली?"

"तिला वाटलं, तुम्ही थट्टा केलीत."

"मग वाटू दे." भुसा झटकणं सोडून ते म्हणाले, "मधलं जातं, पोरी. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात, तोंड नाही. तशी फारशी तक्रार नाही. कान बरे आहेत तुझे."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"वसंतात. तो म्हणाला, गाडी बंद करा."

"आणि रोझॅनला सांगितलंत?"

रोझॅन त्यांची मुलगी, ओरेगनमध्ये असते. एमेटनी मान हलवली. "सांगितलं की ती मला नेणार. चौथ्या मजल्यावर राहते ती. लिफ्ट आहे, पायऱ्याच नाहीत. तिथं मी भोपळा ठेवू कुठं?" मग आवाज जरा कडक झाला. "हे पत्र तुझ्या नावाचं नाही, जोलीन. उघडू नकोस."

ती घरी आली. संध्याकाळी टेसानं आणि डॉटीनं मिळून दोन्ही भोपळे आपापल्या जागी नेऊन ठेवले. जेवताना टेसा म्हणाली, "आई, एमेट उद्या सकाळी बॅटऱ्या आणायला जाणार आहेत. मला म्हणाले, बसपाशी थांब, जाताना भोंगा वाजवतो."

"किती वाजता?"

"बसच्याच वेळेला."

जोलीनचा घास हातातच राहिला. टेसाला उद्या गाडीनं शाळेत सोडता येईल. परवाही सोडता येईल. पण गल्लीच्या तोंडाशी सकाळी आणखी चार मुलं उभी असतात, आणि ट्रकमध्ये एमेट असतात. म्हाताऱ्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं आपण बोलायचं की नाही, यावर ती भांडी घासताना स्वतःशीच वाद घालत राहिली. घर सुटलं तर हा माणूस कशावर उभा राहणार? आणि आपण नाही बोललो आणि डब्याच्या जागी कुणी असलं तर?

भांडी पुसताना तिला वांडाची दुसरी गोष्ट आठवली. एमेटनीच सांगितलेली. वांडाचा मुलगा घर सोडून गेला होता, अकरा वर्षं पत्ता नव्हता, आणि एक दिवस टपालात त्याच्या अक्षरातलं पाकीट आलं. एमेटनी ते पेटीत टाकलं नाही. बेल वाजवली, हातात दिलं, आणि तिचं वाचून होईपर्यंत पायरीवर उभे राहिले. त्या दिवशी पुढच्या सगळ्या घरांचं टपाल उशिरा पोचलं. "आत काय होतं?" जोलीननं तेव्हा विचारलं होतं. "मला कुठं ठाऊक होतं?" एमेट म्हणाले होते. "म्हणून तर थांबलो."

तिनं हात पुसले, फ्रिजवरचा कागद काढला. त्यावर रोझॅनचा नंबर होता, एमेटनीच कधीतरी दिलेला, काही झालं तर असावा म्हणून. ओरेगनचं घड्याळ तीन तास मागे, तिथं अजून दुपारच होती. टेसाला डॉटीकडे बसवून ती रस्ता ओलांडून गेली आणि बेल वाजवली.

एमेटनी दार उघडलं. तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "कोण? जोलीन? काय विसरलीस?"

"काही नाही. मी रोझॅनला फोन लावणार आहे. तुमच्या स्वयंपाकघरातून, तुमच्यासमोर. तुमचं बोलून होईपर्यंत मी उठणार नाही."

ते दारातच उभे राहिले.

"बॅटऱ्या आणायच्यात सकाळी," ते म्हणाले.

"मी आणते. ट्रकची किल्ली मला द्या. आणि पुढच्या वर्षी भोपळे आपण दोघं मिळून वाटू."

"तू? तुला अजून भरीव आणि पोकळ कळत नाही."

"मग शिकवा."

त्यांनी किल्ली दिली नाही, पण बाजूला झाले. टेबलावर बावीसचा भोपळा होता, दिवा न लावलेला. एमेटनी खुर्ची ओढली, बसले, आणि तिच्यासाठी पायानं दुसरी पुढे सरकवली. जोलीननं कागद उलगडला आणि पहिला आकडा दाबला.