छपरावरचं मौन

वत्सलाबाईला भ्यायला कारण लागत नाही, असं सौंसरच्या तिच्या वस्तीत सगळेच म्हणतात. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकते. घरचं माणूस बाहेर गेलं की परत येईस्तोवर तिचा जीव टांगणीला. लोक हसतात, तीही हसते. पण त्या रविवारी ध्यानकेंद्राच्या अंगणात ती उभी होती, तेव्हा तिच्या भीतीला पक्कं कारण होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

केंद्र पांढुर्णा रस्त्यावर, संत्र्याच्या बागांमागं. गारपिटीनं तिथल्या निवासाचे सिमेंटचे पत्रे फुटले होते. असल्या कामाला इथले उपासक मजूर लावत नाहीत. डबे बांधून स्वतःच श्रमदानाला येतात. बाया माती-रेती वाहतात, माणसं वर चढतात. सगळ्यात वर तुळशीराम, वत्सलाबाईचा नवरा. जन्मभर पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, आता रिकामा. आसपासच्या विहारांची बरीच छपरं त्याच्याच हातची, आणि या गोष्टीची त्याला भारी मिजास.

त्याचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता. गेलेला येणार नाही, डावा सांभाळा, असं नागपूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं. घराबाहेर हे कळू द्यायचं नाही, असं त्यानं बायकोकडून वदवून घेतलं. "लोकायले कळलं त मले लसूण सोलायले बसवतीन," तो म्हणाला होता. ती गप्प बसली. गप्प बसण्यात तिचा हात कोण धरणार!

त्यात ध्यानाच्या हॉलमध्ये मौनाचं शिबिर चालू होतं. साधकांचं मौन मोडू नये म्हणून काम करणाऱ्यांनीही तोंड मिटून काम करायचं ठरवलं. केंद्र सांभाळणाऱ्या इंदूताईंनी तसं सांगितलंही नव्हतं. हा यांचाच उत्साह. मूठ दाखवली की पत्रा ओढायचा, पंजा दाखवला की थांबायचं. वरच्या माणसाला खालचा हात दिसलाच नाही तर काय, हे श्रद्धेच्या भरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वत्सलाबाईच्या मात्र सकाळपासून तेच डोक्यात होतं. रेतीचं घमेलं उचलायचं सोडून ती मान वर करून उभी, आणि बाकीच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसत होत्या.

दुपारी एक फुटका पत्रा काढताना तुळशीरामच्या पायापुढची फळी सरकली. टोक लोखंडी पाइपावरून सुटलं आणि अधांतरी राहिलं. खाली उजवीकडे उभ्या असलेल्या अंकुशनं, म्हणजे श्रमदानालाच आलेल्या मुख्य मिस्त्रीनं, ते पाहिलं आणि चटकन पंजा दाखवला. तुळशीरामनं पाहिलं नाही. दिसणारच नव्हतं, ती त्याची मेलेली बाजू.

वत्सलाबाई धावत त्याच्या डाव्या बाजूला गेली, त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. त्याचं तोंड थेट तिच्याकडे होतं. तरी त्यानं पाय उचलला. हॉलमधली सगळी माणसं डोळे मिटून बसलेली, आणि आपण ओरडायचं?

"थांबा! पाय नका टाकू!"

असा आवाज तिच्या गळ्यात आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. तुळशीरामचा पाय हवेतच थांबला. फळी कलंडून खालच्या खोलीत आदळली. तो पाइपाला धरून मटकन बसला.

अंकुशनं त्याला शिडीवरून धरून उतरवलं. इंदूताई पाणी घेऊन आल्या. मौन मोडलं म्हणून एक शब्द बोलल्या नाहीत. काका, मी तर हात दाखवून राहिलो होतो, असं अंकुश पुन्हापुन्हा म्हणत होता. तेव्हा वत्सलाबाईनं सांगून टाकलं, की त्यांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही. नवरा चिडेल म्हणून तिनं मान खाली घातली. पण तो चिडला नाही. सगळे कामाला गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "तू कोठून वरडली?"

"समोरून. डाव्या अंगानं. दोनी हात वर करून उभी होती."

त्यानं हॉलच्या दिशेनं तोंड वळवलं. "मले वाटलं, तू हॉलमांगच्या सैपाकघरात हायेस."

तिनं हातातला पेला खाली ठेवला. "डावाबी? कवापासून?"

"दीक्षाभूमीवर गेलो होतो ना, त्याच्याही आधीपासून. निस्तं धुकं दिसते, बाकी काम हातालेच मालूम हाये."

वत्सलाबाईला नागपूरची ती गर्दी आठवली. दिवसभर तो तिचा पदर मुठीत धरून चालला होता. बायको हरवेल म्हणून धरलाय, असं समजून ती सगळ्या मैत्रिणींना कौतुकानं सांगत फिरली होती.