जांगड दिलेली हंडी

लुदोविनाला भांड्याची किंमत विचारायची सोय नाही. विचारलीत तर ती तुमच्याकडे बघतच नाही, भांड्यात बघते. "मावेल तेवढा घेवडा," म्हणते आणि हातातलं मातीचं भांडं पुन्हा गोट्याने घोटायला लागते. मी तिच्या मुलीची धर्ममाता, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. चाळीस वर्षं मी हे उत्तर ऐकत आलेय आणि त्यातली शेवटची दहा वर्षं मला त्याचा राग येतोय.

आमच्या लहानपणी तो भाव बरोबर होता. आमच्या आया उन्हाळाअखेर बैलगाडीत पेंढा पसरून हंड्या रचायच्या आणि खालच्या शेतवाड्यांवर जायच्या. शेतकरणीने हंडी पसंत केली की ती काठोकाठ घेवड्याने भरायची, घेवडा आमच्या पोत्यात ओतायचा आणि रिकामी हंडी तिच्या चुलीवर. वर तिच्या पोरांसाठी एक मातीची भरीव कोंबडी द्यायची, मुठीएवढी. तिला यापा म्हणायचं. यापा म्हणजे सौदा झाल्यावर खुशीने दिलेलं, त्याला भाव नाही. आणि एखादी हंडी कुणी घेतलीच नाही, तर ती रिकामी घरी आणायची नाही, निदान मूठभर तरी दाणे आत टाकायचे, एवढा आमच्या बायांचा ताठा.

आता त्या शेतवाड्या कुठे आहेत? काउकेनेस शहरापासून समुद्रापर्यंत नुसते पाइन. पाइनला हंडी लागत नाही. मी शहाणी, मी माती सोडली आणि खऱ्या कोंबड्या पाळल्या. लुदोविनाने नाही सोडली. तिच्या ओसरीत हंड्यांवर हंड्या चढत गेल्या. घेवडा तिचा तीच परसात लावायची, म्हणजे भाव होता, माल होता, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

पवित्र सप्ताहाच्या आधी ताल्काहून सिन्योरा माकारेना आल्या. शहरात त्यांची गॅलरी आहे, भिंतींवर चित्रं आणि खाली हातच्या वस्तू विकायला. बाई गोड, बूट मात्र आमच्या चिखलाला न शोभणारे. त्या म्हणाल्या, "दोन्या लुदोविना, मी माल जांगड नेते. विकली जाईपर्यंत वस्तू तुमचीच. विकली की शंभरातले साठ तुमचे, चाळीस दुकानाचे. सहा महिन्यांत नाही विकली तर परत न्यायची."

"म्हणजे माझी कोंबडी तुमच्या खुराड्यात," लुदोविना म्हणाली.

"हो, तसंच समजा. आता किमती सांगा."

झालं! लुदोविनाने घेवड्याचं पोतं ओढलं आणि एकेक भांडं भरून रिकामं करायला बसली. सिन्योरा वहीत किलो लिहून घेत होत्या आणि बाजारभावाने त्याचे पेसो करत होत्या. वाडगे झाले, परात झाली, शेवटी मोठी हंडी, दोन कानांची, लाल, आरशासारखी घोटलेली. तिच्यात बारा किलो मावला. मग सिन्योरांनी चार भरीव कोंबड्या उचलल्या. "आणि यांची?"

"ती यापा. हंडी घेईल त्याला द्यायची."

"पण किंमत?"

"आत काही मावतंय का? मग कसली किंमत!"

मी डोळ्यांनी खुणावत होते की काहीतरी आकडा सांग गं बाई. ऐकेल तर लुदोविना कसली.

मे महिन्यात सिन्योरांचा फोन आला, आवाज आनंदाने भरलेला. तीन कोंबड्या पहिल्याच आठवड्यात विकल्या होत्या, त्यांनी स्वतःच किंमत लावून. आणखी चाळीस हव्या होत्या.

लुदोविना चुलीपाशी उभी होती. तिने तवा आपटला. "यापा विकली? पोराच्या हातात द्यायची वस्तू विकली? आणि हंडी?"

"हंडी अजून... लोक बघतात बरं का. हात फिरवतात."

"ते कोंबड्यांचे पैसे तुमच्याकडेच राहू द्या. मी हात लावणार नाही. आणि उरलेली एक बाजूला ठेवा, ती विकायची नाही." तिने फोन माझ्या हातात कोंबला. मीच सिन्योरांची माफी मागितली, आणि नंतर तिला मनसोक्त शिव्या दिल्या. चाळीस कोंबड्या म्हणजे तिच्या हाताला चार दिवसांचं काम! पण ती म्हणाली, "तू कोंबड्या विकतेसच की. तुझ्या अंडी घालतात."

जूनमध्ये, हिवाळ्याच्या तोंडाशी, ती पडली. भांडी भाजायच्या आव्यासाठी शेणाची टोपली आणताना उतारावर पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. मुलगी जिमेना रांकाग्वाहून धावत आली. ती तिथे फळांच्या पॅकिंगमध्ये आहे, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पोरगी वाईट नाही, घाबरलेली होती.

"आई, पुरे आता. चल माझ्याकडे."

"तुझ्याकडे आवा कुठे पेटवू? बाल्कनीत?"

"पेटवूच नको! कोण घेतं गं तुझी भांडी? ओसरीत चालायला जागा नाही. माद्रिना, तू तरी सांग हिला."

माद्रिना म्हणजे धर्ममाता, म्हणजे मी. खरं म्हणजे मलाही वाटत होतं की तिने जावं, आणि ती गेली तर या टेकडीवर मी कुणाशी भांडू, हेही वाटत होतं.

शेवटी जिमेनाने हात टेकले. "बरं. ती मोठी हंडी दुकानात आहे ना? मुदतीच्या आत ती एक विकली गेली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही विकली, तर नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी मी येते, आजीआजोबांच्या थडग्यावर फुलं ठेवू आणि तू माझ्याबरोबर चलायचं. कबूल?"

"कबूल," लुदोविना म्हणाली. तिच्या शब्दाला ती पक्की आहे, म्हणूनच मला धास्ती वाटली.

तो हिवाळा आमचा जीव टांगणीला लागून गेला. फोन वाजला की ती घोटायचा गोटा खाली ठेवायची. ऑगस्टमध्ये परात गेली, वाडगेही एकेक करून गेले, एकच राहिला. सप्टेंबरचे सण झाले, पतंग उडाले. हंडी तिथेच.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही बसने ताल्काला निघालो, हंडी परत आणायला. लुदोविनाकडे एक पिशवी आणि माझ्याकडे एक, दोन्हींत घेवडा. तिचा वर्षाचा सगळा घेवडा होता तो, बियाणाला ठेवलेलाही.

"हे ओझं कशाला, कोमाद्रे?"

"हंडी रिकामी घेऊन मी बसमध्ये चढणार नाही."

"मूठभर पुरतो त्याला."

"शेवटची हंडी आहे. भरूनच आणीन," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाइन बघत बसली.

गॅलरीत हंडी मधल्या टेबलावर होती, दिव्याखाली. तिच्यात कुणीतरी वाळक्या काटक्या खोचल्या होत्या.

"माझ्या हंडीत सरपण?" लुदोविना ओरडलीच.

"ती सजावट आहे, दोन्या लुदोविना," सिन्योरा ओशाळून म्हणाल्या. "फार प्रयत्न केला हो मी. लोकांना आवडते, पण विचारतात, हिचं करायचं काय?"

"शिजवायचं!"

"ते मी सांगते. मग ते हसतात." सिन्योरांचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यांना जिमेनाची अट मीच फोनवर सांगितली होती.

लुदोविनाने काटक्या उपसून टेबलावर ठेवल्या. हंडीच्या पोटावर बोटाच्या पेराने टिचकी मारली, आवाज ऐकला, मान हलवली. मग पिशवी उचलून घेवडा ओतायला लागली. दुकानात चित्रं बघणारं एक जोडपं वळून पाहू लागलं, एवढा त्या दाण्यांचा आवाज. दुसरी पिशवीही ओतली. काठोकाठ भरल्यावर तिने तळहाताने वरून सपाट केलं, तसं तिच्या आईला करताना मी पाहिलं होतं.

आणि ती तशीच थांबली, हात दाण्यांवर.

"सिन्योरा," ती सावकाश म्हणाली, "भरली."

"हो, भरली."

"आजचा दिवस मुदतीतच धरायचा ना?"

"आजचा शेवटचा."

"मग विकली गेली. शंभरातले चाळीस, म्हणजे पाचांतले दोन." तिने शेल्फवरचा तो उरलेला वाडगा काढला आणि हंडीतला घेवडा मोजायला लागली. तीन वाडगे आपल्या पिशवीत, दोन सिन्योरांच्या टेबलावर पसरलेल्या कागदावर. पुन्हा तीन, पुन्हा दोन.

मला आत्ता कुठे उजेड पडला. "कोमाद्रे, वेड लागलं का तुला? स्वतःचीच हंडी विकत घेतेस?"

"का? माझा घेवडा किडका आहे?"

"जिमेनाला फसवतेस तू."

"कशी? भाव पुरा दिला. दुकानाला हिस्सा मिळाला. हंडीला गिऱ्हाईक मिळालं, आणि तिच्यात शिजवणारं मिळालं. आणखी काय लागतं विकायला, सांग ना!"

मी सिन्योरांकडे पाहिलं. त्या कागदावरच्या ढिगाकडे बघत होत्या, आणि मला वाटलं आता या हसतील, आणि त्या हसल्या असत्या तर मी त्यांना जन्मात क्षमा केली नसती. त्या हसल्या नाहीत. खण उघडून त्यांनी गोल लाल टिकल्यांचा एक कागद काढला.

"विकलेल्या वस्तूच्या कार्डावर आम्ही ही लावतो," त्या म्हणाल्या.

"कार्ड कशाला? हंडीलाच लावा."

सिन्योरांनी हंडीच्या गळ्यावर लाल टिकली चिकटवली आणि अंगठ्याने दाबली. मग आत जाऊन त्या काहीतरी घेऊन आल्या. ती चौथी कोंबडी होती. ती त्यांनी लुदोविनाच्या हातात ठेवली.

"आणि ही यापा," त्या म्हणाल्या.

लुदोविनाने कोंबडी हातात फिरवून पाहिली, जणू पहिल्यांदाच बघतेय. मला तर रडूच आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

तिच्या वाट्याचा घेवडा हंडीत घालून आम्ही बसने परत आलो, हंडी आळीपाळीने मांडीवर घेत. घरी तिने हंडी दुधाने भरून मंद आचेवर ठेवली, भेगा पडू नयेत म्हणून नव्या हंडीला पाजतात तसं. टिकली मात्र काढू दिली नाही.

सर्व संतांच्या दिवशी जिमेना आली. थडग्यावर फुलं वाहून आम्ही घरी जेवायला बसलो. भोपळा घातलेला घेवडा होता, त्याच हंडीत. चुलीच्या धुराने टिकलीच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. जिमेनाने ती बघितली, खिडकीतली कोंबडी बघितली.

"ही विकली गेली होती?"

"मुदतीच्या आत. सिन्योरांना फोन कर हवं तर."

"कुणी घेतली?"

"एका बाईने. काठोकाठ घेवडा भरून."

"मग इथे कशी?"

"ती बाई इथेच राहते," लुदोविना म्हणाली.

मी ताटात तोंड घातलं. जिमेनाने बोट पुढे करून टिकलीवरून फिरवलं. पोरगी आमच्यातलीच आहे, तिलाही लहानपणी अशीच कोंबडी मिळाली होती.

"ती बाई पुढच्या वर्षीही घेईल?" तिने विचारलं.

"घेवडा पिकला तर घेईल," लुदोविना म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

जिमेनाने पर्समधून रांकाग्वाची परतीची दोन तिकिटं काढली आणि त्यातलं एक माझ्यापुढे ठेवलं. "माद्रिना, हे उद्या स्टँडवर परत कर."