हाताने लिहिलेलं एक पान

ऑडिटरच्या ऑफिसात बाई सव्वीस वर्षं टायपिस्ट होत्या. शाळा मराठी, इंग्रजी शिकल्या ते कंपन्यांचे वार्षिक अहवाल टाइप करता करता. कुणी इंग्रजीत पत्ता विचारला तर बोबडी वळायची, पण अहवालातलं वाक्य कुठे वळणार हे त्यांना आधीच कळायचं.

'गोइंग कन्सर्न' हा शब्द तर रोजच्या उठण्याबसण्यातला. कंपनी पुढेही चालत राहील असं धरून हिशेब मांडलाय, एवढाच त्याचा अर्थ. धंदा धड असला की तो टिपणांमध्ये एका ओळीत अंग चोरून बसतो. धंद्याची तब्येत बिघडली की मात्र त्याला स्वतंत्र मथळा मिळतो आणि त्याखाली शंका मांडली जाते. साहेब म्हणायचे, "बाई, इंग्रजी अहवाल ओरडत नाही, नुसता खाकरतो."

त्या वर्षी पाळी पंपांच्या कारखान्याची होती. बाईंचा धाकटा भाऊ तिथेच फिटर. सकाळीच येऊन चहा पिता पिता म्हणाला, "अहवाल साफ आला की बँक कर्ज देणार म्हणे. तुझ्याच ऑफिसात आहे ना? बघ हं ताई, माझी भाकरी तुझ्या हातात!" आणि हसला. बाई हसल्या नाहीत.

ऑफिसची रीत अशी, की गेल्या वर्षीच्या अहवालावरच नवे आकडे चढवायचे. बाईंनी चढवले, अहवाल छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. जेवून आल्यावर कच्चे कागद आवरताना एका पानाला मागून चिकटलेलं दुसरं पान सुटलं. साहेबांच्या अक्षरात मथळा, खाली शंका. ते टाइप करायचंच राहिलं होतं. अहवालात गेल्या वर्षीचीच ओळ होती, सगळं आलबेल असल्याची.

बाईंचं काम साहेब पुन्हा वाचत नसत. पान टोपलीत टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. बाईंनी ते हाताने सरळ केलं. मग आत गेल्या.

"साहेब, सही करू नका. एक पान राहिलंय."

"तुमच्याकडून? आज सूर्य कुठून उगवला?" साहेबांनी पान पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "तुमचा भाऊ तिथेच ना?"

"हो."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "करा टाइप."

चार महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं. भाऊ अहवालाची प्रत घेऊन आला.

"हे तू टाइप केलंस?"

"हो."

"एवढंसं गाळलं असतंस तर काय बिघडलं असतं, ताई?"

"हे वाचून लोक पैसे घालतात रे. त्यांना काय सांगणार होते मी?"

"आणि मला काय सांगणार आहेस?"

तो 'येतो' न म्हणताच निघून गेला.

बाईंनी देवापाशी क्षमा मागितली नाही. कशाबद्दल मागायची तेच कळेना. त्याला लवकर काम लागू दे, एवढंच त्या रोज मागत राहिल्या.