साहेबाच्या करवंदाची गुटी

मला धीर म्हणून नाही. कुकर उतरला की वाफ जिरायच्या आत झाकण ओढणारी बाई मी. विरजण लावलं की तासाने बोट घालून बघायचे. आई म्हणायची, हिच्या हाताखाली दहीसुद्धा लागायचं नाही. सगळे हसण्यावारी न्यायचे, मीही. समोरच्या काकांच्या गुटीची भानगड मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

गिरण्यांचा संप होऊन तीनेक वर्षं झाली होती. अंधेरीत आमची तीन मजली सोसायटी, आम्ही तळमजल्यावर आणि समोरच्या दारात काका, एकटेच. मालवणकडचे. उभा जन्म गिरणीत गेला आणि संपात गिरणी गेली ती गेलीच. कंपाउंडच्या कोपऱ्यात त्यांचं एक झुडूप होतं. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्याला ज्याचं कुंपण होतं, त्यातली फांदी मागून आणून त्यांनी जगवलेलं. गिरणीतून आपल्याला एवढंच मिळालं, असं ते म्हणायचे. पांढरी वासाची फुलं, मोठ्या बोराएवढी लालभडक फळं, चवीला करवंदाच्या जवळपास, म्हणून आम्ही त्याला साहेबाचं करवंद म्हणायचो. फांदी मोडली की चीक गळायचा आणि काटे तर दुतोंडी. काटेरी झाड दारात नको म्हणून त्याचं रोप कुणी नेलं नाही. त्यांच्या भाचीने तेवढं एक नाशिकला नेलं, ते पहिल्याच हिवाळ्यात थंडीने काळं पडलं. जास्वंद, लिंबू, डाळिंबाच्या गुट्या मात्र सगळी सोसायटी काकांकडून बांधून घ्यायची. काकांच्या हाताला गुण आहे, असं जो तो म्हणायचा. तेवढं ऐकलं की ते दिवसभर खुशीत.

त्या वर्षी कमिटीने ठरवलं, कोपऱ्यात पाण्याची टाकी बांधायची. काम गणपतीनंतर. म्हणजे झुडूप जाणार. काट्यांना वैतागून वॉचमनने ते आधीच छाटलं होतं, गुटी बांधण्याजोगी एकच फांदी उरली होती. काकांनी आषाढात त्या पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर साल सोलली, चीक पुसला, भोवती शेणमाती थापली, वर गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळलं. दोन महिन्यांत आत मुळं फुटली की फांदी खालून कापायची आणि गोणपाटासकट कुंडीत लावायची. झालं नवं झाड.

गणपतीला ते गावी गेले. जाताना मला सांगून गेले की सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजव, उघडून मात्र बघू नको. मी मान डोलावली.

पाच दिवस नाही बघितलं. सहाव्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती, पावसाने उघडीप दिलेली, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. आत मुळं आलीत की सगळं कुजलंय? काकांच्या भल्यासाठीच बघतेय, असं मी स्वतःला पटवलं. कसलं भलं! मला बघायचं होतं, बस. सुतळी सोडली. गोणपाट ओढलं तर माती त्याला चिकटून अर्धी खाली आली आणि तिच्याबरोबर मुळं. पांढरी, शेवयांसारखी. तुटलेली. वाट लागली. मी ती मातीत कोंबली, गोणपाट गुंडाळलं, काका मारायचे तशीच गाठ मारली आणि चोरासारखी घरात आले.

काका परतले ते माझ्यासाठी खाजं घेऊन, झाड सांभाळलंस म्हणून. मी ते खाल्लं. फांदी कापून त्यांनी कुंडीत लावली. तोंड उघडायची वेळ तीच होती. मूळ झुडूप अजून उभं होतं, छाटलेल्या जागी त्याला नवी फूट येत होती. कमिटीच्या हातापाया पडून दुसरी गुटी होईपर्यंत काम लांबवता आलं असतं. मी गप्प. चार दिवसांनी मजुरांनी झुडूप मुळासकट उपटलं. पंधरा दिवसांत कुंडीतली पानं गळली. काका रोज काडीची साल नखाने खरवडून बघायचे, आत हिरवं आहे का. एका सकाळी हिरवं नव्हतं.

साल सोलायच्या सुरीची ते खंडेनवमीला पूजा करत. त्या वर्षी ती सुरी घेऊन ते आमच्या दारात आले.

"तू गुटी बरी राखलंस गो. माझ्याच हाताचो गुण गेलो," ते म्हणाले. "ही सुरी तुका ऱ्हवांदे."

जिभेवर आलं होतं, शप्पथ. नवरा मागे पेपर वाचत बसला होता.

"काका, चहा घेता?" मी म्हणाले, आणि सुरी घेतली. अजून आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढच्या पावसाळ्यात बायका गुट्या बांधायला मला बोलावू लागल्या. हिचा हात चांगला, असं काकाच सांगत सुटले होते. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी जायचे. माझ्या सगळ्या गुट्या लागल्या. काका यायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून लांबून बघत राहायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, जरा सुतळीचं टोक धरा. तर ते दोन पावलं मागे सरले. आपला हात लागायला नको, म्हणाले.