दोन घरांतला साचा

फाल्गुन अर्ध्यावर येत चालला होता, होळी चार दिवसांवर आली होती. पहाटेचा गारठा अजून पवना नदीच्या अंगानं गावात शिरायचा, पण ऊन वर आलं की पश्चिमेचा कोरडा वारा सुटायचा आणि दारातला सडा, दोरीवरची लुगडी, माणसाचे ओठ, सगळं एका दमात वाळवून टाकायचा. साखरेच्या गाठी पाडणाऱ्याला याहून चांगली हवा नाही. आभाळ भरलं की साखर रुसते, घामेजते, दोऱ्याला धरत नाही. चिंचवड गावठाणातल्या गोजाबाईला हे कळायला पंचांग लागत नव्हतं. उठल्या उठल्या तिनं ओठांवरनं जीभ फिरवली, ओठ खरखरीत लागले, तशी ती आपल्याशीच म्हणाली, "आज पाक बसला असता."

असता, एवढंच. जोडीची शालन गावात नव्हती.

तरी गोजाबाईनं सकाळचं काम सोडलं नाही. मोठी कढई चिंचेनं घासली, चुलाणाला मातीचा हात दिला, खुंटीवरची साच्याची फळी काढून पाण्यात बुडवून ठेवली. कोरड्या लाकडाला पाक चिकटतो. पाणी प्यालेलं लाकूड गाठी सुखानं सोडतं.

साचा म्हणजे दोन फळ्या. सागवानी, हातभर लांब, दोन्हींवर समोरासमोर कोरलेल्या चकत्या आणि खाली एक मोठं पदक. मधल्या खाचेत दोरा ठेवायचा, फळ्या एकमेकींवर बसवून करकचून आवळायच्या, वरच्या तोंडातनं पाक ओतायचा. होळीला पोरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीवर जी पांढरी माळ झुलते, ती अशी जन्माला येते. एका फळीनं काहीच होत नाही. आणि गोजाबाईच्या घरी एकच फळी होती. दुसरी शालनबाईच्या घरी.

हे गोजाबाईनंच करून ठेवलं होतं. ती मोशीच्या शेतकऱ्याची लेक. तिला गाठीचं काय माहीत! चिंचवडात नांदायला आली आणि सासू अंबूबाईच्या हाताखाली कढईपाशी बसली. अंबूबाई तोंडाची फटकळ, पण हात असा की पाकाकडं नुसतं बघून तार सांगायची. गोजाबाईचा नवरा सयाजी विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळून गेला. त्या दुःखानं म्हातारीही फार दिवस राहिली नाही. मागं राहिली गोजाबाई, कढई आणि साचा. तेवढ्यात लढाईचे दिवस आले, साखर रेशनवर गेली. एकट्या बाईच्या कार्डावर मिळणार ती साखर किती? चहाला पुरायची नाही.

त्याच वक्ताला बीडकडनं शालन आणि तिचा नवरा ज्योतीराम पोटामागं आले आणि पलीकडच्या आळीत राहिले. तो स्टेशनावर हमाली करायचा. शालननं आपल्या घरची साखर आणून गोजाबाईच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "आम्ही गुळाचा चहा पिऊ. तुम्ही मला हे शिकवा." गोजाबाईनं तिला शिकवलं. आणि पहिला हंगाम सरल्यावर साच्याची एक फळी तिच्या पदरात घातली.

"तुझी साखर, माझा साचा. पर साखर संपती आणि साचा उरतो. उद्या मी म्हणंन माझं, तू म्हणशील माझं. त्यापरीस अर्धा तुझ्या घरात राहू दे."

गावात हसू झालं. "सवती नवरा वाटून घेत्यात, ह्यांनी साचा वाटून घेतला!" शालन त्यावर म्हणायची, "नवऱ्यापरीस बरा हाय. मारत तर नाही." तेव्हापासून होळी जवळ आली की दोन्ही फळ्या गोजाबाईच्या ओसरीवर एकत्र यायच्या, एक बाई आवळून धरायची, दुसरी ओतायची. एकीवाचून दुसरीचं अडायचं, आणि त्या अडण्याचं दोघींना कधी ओझं वाटलं नाही.

यंदा मात्र शालन लेकीच्या बाळंतपणाला चाकणला गेली होती. "येते होळीच्या आधी," म्हणाली होती. फळी तिच्याच घरी, दाराला कुलूप. वाणी दोनदा विचारून गेला होता.

फळी पाण्यात सोडून गोजाबाई हात पुसत होती, तोच शेजारची रुक्मिणीबाई दारातनं ओरडली.

"आगं, चल की! स्टेशनाकडं शाळेच्या आवारात परदर्शन मांडलंय. सगळं आपल्या हातानं करून बघायला देत्यात म्हणं. घाणा फिरवा, मडकं घडवा."

"मडकं घडवायला मी काय कुंभारीण?"

"आगं, गाठीबी हायेत! आपल्या हातानं वतायच्या म्हणं."

गोजाबाई हसली. "मला गाठी शिकवणार? कोण गं ती माउली? चल, बघू तरी."

मनात मात्र जरा खुटखुट होती. या पट्ट्यात दुसरं कोण गाठी पाडतं? पुण्याचा हलवाई आणला असंल.

प्रदर्शनाला ही गर्दी. पिंपरीत कारखाने यायला लागल्यापासून नव्या नव्या माणसांनी वाटा भरल्या होत्या, त्यातली निम्मी इथंच लोटलेली. मांडवाच्या तोंडाशी फलक होता. तो एकानं मोठ्यानं वाचून दाखवला, 'नुसते पाहू नका, करून पाहा.' आणि लोक करत होते. कुंभाराच्या चाकावर पाटलोण घातलेला एक बाबू बसला होता. त्याचं मडकं एका अंगाला कलंडलं आणि चिखलाचा गोळा थेट त्याच्या मांडीवर. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. रुक्मिणीबाईनं चरखा धरला, सूत तीनदा तोडलं आणि चरख्यालाच शिव्या दिल्या. गोजाबाई पोट धरधरून हसली. किती दिवसांनी अशी हसली होती.

मग वास आला.

उकळत्या साखरेचा वास कुठंही सारखाच. पण ह्या वासात वेलदोड्याच्या सालांचा वास होता. दाणे महाग म्हणून नुसती सालं पाकात टाकून काढून घ्यायची, ही एकाच बाईची खोड. गोजाबाईचं हसू थांबलं. गर्दीतनं वाट काढत ती पुढं गेली.

चुलाणामागं शालन बसली होती. नवं कोरं लुगडं, छातीवर कागदाचं फूल टाचलेलं.

गोजाबाईच्या मनात पहिल्यांदा आलं ते इतकंच, की लेक बाळंत झाली वाटतं, सुटली बिचारी. "शालन" अशी हाक ओठावर आलीसुद्धा. पण शेजारी उभी असलेली सुमनताई, प्रदर्शन भरवणारी पुण्याची शिकलेली बाई, लोकांना सांगत होती. तिचा आवाज मायाळू होता.

"ह्या शालनबाई. गाठी पाडण्याची कला ह्या भागात आता ह्यांच्या एकट्यांच्याच हातात उरली आहे. सासूबाईंकडून शिकल्या. अंबूबाई त्यांचं नाव. पाकाकडे नुसतं बघून तार सांगायच्या, असं ह्या सांगतात."

रुक्मिणीबाईनं गोजाबाईचा दंड धरला. "आगं, अंबूबाई तर तुझी..."

"गप," गोजाबाई म्हणाली.

शालनची मान वर झाली आणि दोघींची नजरानजर झाली. शालनच्या हातातला झारा कढईच्या काठावर खणकन आपटला.

"या मावशी!" सुमनताईनं गोजाबाईलाच हात केला. "बसा इथं. भिऊ नका, अगदी सोपं आहे. शालनबाई दाखवतील."

गोजाबाई बसली. आयुष्यभर जिथं बसली त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, बघ्याच्या पाटावर. शालननं फळ्या पुढं केल्या. एक ओळखीची, हातांनी काळी गुळगुळीत झालेली. दुसरी नवी, पिवळसर, लाकडाचा वास अजून मोडलेला नाही.

गोजाबाईनं नवी फळी हातात घेतली. तिच्या घरच्या फळीला तिसऱ्या चकतीपाशी टवका उडालेला होता. गोजाबाई नवी नवरी असताना सयाजीच्या हातनं ती उंबऱ्यावर पडली होती. त्यामुळं दरसाल प्रत्येक गाठीची तिसरी चकती एका बाजूनं फुगलेली निघायची. आणि ह्या कोऱ्या फळीत तो टवका नीट, निगुतीनं कोरलेला होता. असा नेटका हात गावच्या कोंडाजी सुताराचाच. त्यानं तो टवका चूक म्हणून सोडला नव्हता. जे पुढ्यात आलं ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

म्हणजे तिची फळी कोंडाजीच्या पुढ्यात गेली होती. कधी?

पौषात ती हिवतापानं पडली होती तेव्हाच. एरवी कधी ती फळी खुंटीवरनं हललीच नव्हती. शालन तेव्हा पायाशी निजायची, पेज भरवायची, कपाळावर पट्ट्या ठेवायची. एकदा तापात डोळा उघडला तर खुंटी मोकळी. विचारलं तर शालन म्हणाली होती, "कीड लागली होती, उन्हात घातलीय. तुम्ही निजा."

"धागा असा मधोमध धरायचा, बाई," शालन आता म्हणत होती. बाई! इतक्या वर्षांत तिनं गोजाबाईला आक्का सोडून काही म्हटलं नव्हतं.

गोजाबाईनं धागा धरला. अडाण्यासारखा, जरा वाकडाच. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, हे आवळायचं आणि वतायचं, दोन्ही एकटीला कसं जमतं? तुमच्या जोडीला कुणी न्हाई का?"

शालन कढईत बघत राहिली. पाक उतू येऊन खाली बसला. सुमनताईही कौतुकानं ऐकत होती. अजून वेळ होता. एक शब्द. 'ही काय, ही माझी जोडीण.' तेवढं म्हटलं असतं तर गोजाबाईनं अंबूबाई दिली असती, फळी दिली असती, चाकणची थापसुद्धा हसून सोडून दिली असती. तिचं तिलाच ठाऊक होतं.

"कुणी नाही," शालन म्हणाली. "म्या एकटीच करते."

गोजाबाईनं पळी घेतली आणि पाक ओतला. एका धारेत, थेंब न सांडता. शालननं फळ्या उकलल्या, माळ निघाली. तिसरी चकती तशीच फुगलेली.

"वा मावशी! पहिल्याच खेपेला!" सुमनताईनं टाळी वाजवली, माळ कागदात गुंडाळून हातात ठेवली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला जे सांगितलं तेच ती सांगत होती.

वाटेत रुक्मिणीबाईचं तोंड थांबेना. "तिथंच झिंज्या धरायच्या हुत्या! मी सांगते त्या ताईला, उलटी फिरते बघ!"

"न्हाई. तिच्या तोंडनं आलं न्हाई, ते तुझ्या तोंडनं कशाला?"

वेशीपाशी पोरं खेळत होती. गोजाबाईनं माळ तोडून त्यांना वाटून टाकली आणि हात लुगड्याला पुसला.

दिवस कलल्यावर शालन आली. नव्या लुगड्यावरच. ओसरीखाली उभी राहिली, वर आली नाही.

"आक्का."

गोजाबाई खांबाला टेकून बसली होती. "लेकीला काय झालं गं? मुलगा का मुलगी?"

शालनच्या डोळ्यांना पाणी आलं. "थट्टा करू नगा. ऐकून तर घ्या. हे प्रदर्शन उठलं की पुण्याला कायमचं घर करायलेत, असल्या जुन्या वस्तूंचं. तिथं करून दाखवायला एक बाई ठेवणार. राह्यला खोली देणार. एकच बाई, आक्का. दोन नाही. आमच्या मालकाचा खोकला तुम्हांला ठावं. हमाली सुटली. म्या काय करावं?"

"मला म्हणायचं."

"म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जा. आणि मग मला जाववलं नसतं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून गोजाबाईला जास्तच झोंबलं. ती म्हणाली, "एक सांग. पौषात माझ्या उशाशी बसलीस, ती माझ्यासाठी का फळीसाठी?"

शालननं पदर तोंडाला लावला. खोटं बोलायची संधी होती, आणि आज दिवसभर ती तेच करून आली होती.

"दोन्हीसाठी," ती म्हणाली.

गोजाबाईला वाटलं, नुसतं फळीसाठी म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग पेजेची वाटी, कपाळावरची पट्टी, सगळं एकदम फेकून देता आलं असतं. आता त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं?

"तुला दिलेली माझी जुनी फळी आण परत."

"ती... ती त्यांना दिली. नोंदवून घेतली त्यांनी. काचेच्या कपाटात लावणार हायेत." शालन घाईनं पुढं बोलली, "म्या कोंडाजीला सांगते. तुमच्या फळीची जोड तो चार दिसांत उतरवून देईल. पाडव्याच्या आत!"

"देईल की. त्याचा हात चांगला हाय. बघितला मी."

"मग पाडव्याला म्या यीन, आक्का. आवळून धरायला. ताईला सांगून यीन."

"नगं."

"एकटीला कसं जमंल?"

"तू म्हणालीस न्हवं मघाशी, एकटीच करते. मलाबी जमंल."

शालन तशीच उभी. जावं का वर यावं, तिला कळेना. गोजाबाई उठली. आत जाऊन सूप आणि जोंधळ्याची पाटी घेऊन आली. उद्याचं दळण अजून निवडायचं होतं. ती खाली बसली, सुपात दोन ओंजळी जोंधळे घेतले, खडे बघायला सूप तिरपं केलं.

"सरक जरा," ती मान वर न करता म्हणाली. "उजेड अडतोय."

शालन बाजूला झाली. गोजाबाई पाखडायला लागली.