मायलेकी जोडाची कोरी पाठ

तो व्हिडिओ तुम्हीही पुढे पाठवलात ना? खाटेवर एक म्हातारी चमच्याने कठड्यावर ठणठण वाजवतेय, आणि पांढरा कोट घातलेली एक बाई तिच्याकडे पाठ करून पार्सल उघडतेय. म्हातारी वाजवतेच आहे. बाई मान न वळवता म्हणते, "गप्प बसा हो जरा." की लगेच काळी पाटी येते आणि तिच्यावर लिहिलेलं: आजारी माणसाला तडफडत ठेवून खरेदी करणाऱ्या बाया. तुमच्यातल्या कोणी खाली रडका चेहरा टाकला, कोणी शिवी घातली, आणि दिला धाडून बहिणीला, भावजयीला, ऑफिसच्या ग्रुपवर. बोट हलवायला लागतो तेवढाच वेळ गेला तुमचा.

त्या बाईला मी ओळखते. आजारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांची आमची संघटना आहे, तिच्यात ती पहिल्यापासून आहे. आम्ही तिला छापील मावशी म्हणतो. ड्यूटीवर पांढरा कोट, पण कोट काढला की बाई म्हणजे पडद्यांचं दुकान. फुलं, चौकडी, मोर, आंबे, छत्र्या, एकदा तर अख्खे मासे. साधं कापड अंगावर घेतलं की आपणच पेशंट झाल्यासारखं वाटतं, असं म्हणते. नवरा सोडून गेला त्याचं कारण विचारलं तर सांगते, त्याला साधे रंग आवडायचे. एवढं बोलून विषय बंद करते, आणि पुढे विचारायची कोणाची टाप नाही.

कामाला मात्र वाघीण. अंथरुणात पडलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही तर पाठ सोलते, पुढे सडते. मावशीच्या हाताखालच्या एकाही पेशंटची पाठ सोललेली मी पाहिली नाही. तिची स्वतःची कंबर त्यात कामातून गेली. ते कुठल्या व्हिडिओत आलं नाही.

ही आजी तिच्याकडे आली तेव्हा उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. लेक मोठ्या हुद्द्यावर, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. मावशीने आजीच्या डाव्या हातात स्टीलचा चमचा दिला. एकदा वाजला तर हो, दोनदा वाजला तर नको, आणि वाजतच राहिला तर लवकर आण. एवढ्या भाषेवर दोघींनी संसार चालवला म्हणा ना. लेकीलाही ती भाषा शिकवली होती, पण तिला वाटायचं आईला त्रास होतोय, आणि ती चमचा काढून घ्यायची.

दुपारी स्पंज, जेवण, औषध झालं की दोघी लाइव्ह बघायच्या. एक बाई फोनवरून कपडे विकते. मागे हँगरची रांग, समोर गोल दिवा, एकेक नग उचलून दाखवते, आणि खाली जी सगळ्यांत आधी "माझा" लिहील तिचा तो नग. सगळ्या जगाला "माझ्या गोड मैत्रिणींनो" म्हणते. मावशी तिला लाइव्हवाली म्हणायची. औषधाच्या डब्याला फोन टेकवलेला, आजी निवाडा करतेय: ठण ठण, नको. ठण ठण, हे तर अजिबात नको. आजीची आवड मोठी कडक, मावशीला आवडलेलं निम्मं तरी ती बाद करायची. मावशी म्हणायची, सासू मेली तरी सासुरवास काही सुटला नाही माझा.

एक दिवस लाइव्हवालीने मायलेकी जोड काढला. गर्द हिरव्यावर पिवळ्या चिमण्या, आईला पुढून उघडणारा गाऊन, लेकीला त्याच कापडाचा कुर्ता. ठण. मावशीने समजावलं की हा मायलेकींचा आहे, आपल्याला नको. ठण. मग मावशीने थट्टेने विचारलं, बरं, माय तुम्ही, पण लेक कोण? आजीने चमचा उचलून तिच्या छातीवर रोखला. मावशीने पदरचे पैसे भरले आणि दिवसभर तिच्या खोलीवर कोणी नसतं म्हणून पत्ता कामाच्या जागेचा दिला.

आता नियम ऐका. या धंद्यात माल खराब निघाला तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ द्यावा लागतो. न थांबवता, न कापता, एकसलग. मध्ये कुठे थांबलात तर तक्रार कचऱ्यात. म्हणून मावशीने फोन उभा केला, चालू केला आणि कात्री घेतली. मागे आजीचा चमचा सुरू झाला, लवकर आण, लवकर दाखव, लहान पोरासारखा. वळलं तर पार्सल चौकटीबाहेर जाणार, आणि मग कोण ऐकणार? म्हणून ती म्हणाली, गप्प बसा हो जरा.

तुम्ही तिथपर्यंतच पाहिलंत. पुढे काय आहे ते मी सांगते. मावशी गाऊन झटकते. पुढून चिमण्याच चिमण्या. मग उलटा करते, तर पाठ कोरी. मळकट पांढरं, गोणपाटासारखं कापड. कुर्ताही तसाच. ती फोनकडे बघून शांतपणे म्हणते, ताई, पाठ कोरी आहे, बघून घ्या. मग गाऊन आजीच्या अंगावर पसरते. आजी डाव्या हाताने एकेक चिमणी चाचपते आणि हसते. वाकड्या तोंडाने, पण खदखदून. मावशीही हसते, म्हणते, तुम्हाला काय, तुम्ही पडूनच, मला मात्र भिंतीला टेकून हिंडावं लागणार.

मावशीने हा अख्खा व्हिडिओ तक्रार म्हणून लाइव्हवालीला पाठवला. तिने उत्तर दिलं की फोटोत पुढची बाजू होती, पुढची बाजू मिळाली. मावशी भांडकुदळ नाही. तिने फक्त पुढच्या लाइव्हमध्ये खाली लिहिलं, "उलटं करून दाखवा." परत लिहिलं. मग दुसऱ्या बायकाही तेच विचारायला लागल्या, आणि लाइव्हवालीने दिवा बंद केला. आधी मावशीला ब्लॉक केलं, मग व्हिडिओला कात्री लावली. कोरी पाठ उडवली, आजीचं हसणं उडवलं, "गप्प बसा" ठेवलं, खाली काळी पाटी जोडली आणि दिला सोडून.

लेकीला तो ऑफिसात कोणीतरी दाखवला, ही तुझी आई ना म्हणून. संध्याकाळी तिने मावशीला दाराबाहेर बोलावून किल्ली मागून घेतली. चपला घालायलाही परत आत येऊ दिलं नाही, बाहेर आणून ठेवल्या. आजीला सांगून जाऊ का, विचारलं तर दार लागलं. घरोघरी कामाला बायका पाठवणाऱ्या ब्युरोवाल्याने, जो तिच्या कामावर इतकी वर्षं दलाली खात आला, हात वर केले. म्हणाला, मावशी, चेहरा नीट दिसत नसला तरी आवाजावरून ओळखतात हो लोक, कुठे पाठवू तुम्हाला?

मी तिला घेऊन लाइव्हवालीकडे गेले. मला वाटलं होतं काचेचं दुकान असेल. निघाली एक खोली, वाण्याच्या दुकानावर. छतापर्यंत पिशव्या, चिकटपट्टीच्या रिळांवर वाळत टाकलेले पोराचे कपडे, आणि घसा बसलेली एक तिशीतली बाई. मी तिथेच आवाज चढवला. आम्ही कापायचं नाही आणि तू कापायचंस, हा कुठला न्याय, विचारलं. ती माझ्याशी बोललीच नाही, मावशीकडे बघून म्हणाली, "तुमच्या त्या तीन शब्दांनी माझं अख्खं लाइव्ह रिकामं झालं. हा सगळा माल मलाही पुढूनच दाखवला होता. मी कोणाला उलटं करून दाखवा म्हणू?"

मला तिची कीव आली असती. पण कोरी पाठ तिच्या गळ्यात मारणाऱ्याशी ती भांडली नाही. ती भांडली खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईशी. आपल्यात हे असंच चालतं, म्हणून वरच्याचं फावतं. हे मी तिला तोंडावर सांगितलं. तिने आमच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. आम्ही जिना उतरेपर्यंत तो माझ्या फोनवर दुसरीकडून आला. आमच्या संघटनेच्याच एका बाईने पाठवला होता, "अशा बायांमुळे आपण बदनाम" असं लिहून. मावशीला ओळखलंही नव्हतं बयेने.

माझ्या डोक्यात पोलीस, ग्राहक मंच, मोर्चा असं सगळं चाललं होतं. मावशीला त्यातलं काही नको होतं. तिला काम परत हवं होतं, तेच काम, तीच आजी. तिच्याकडे अख्खा व्हिडिओ होता, न कापलेला. म्हणाली, ताई शिकलेल्या आहेत, पुरता बघितला की कळेल त्यांना.

लेक आम्हाला ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटली. कोपऱ्यातल्या टेबलावर तिने तो पुरता बघितला. आजी हसते तिथे परत मागे नेला, परत बघितला. डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो.

"मी रोज घरी आले की आधी तिच्याजवळ बसते," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून ती अशी कधी हसली नाही."

मावशी म्हणाली, "हसतील, ताई. चमचा असू द्या त्यांच्या हातात."

"मायलेकी जोड घेतलात तुम्ही. तिची लेक मी आहे."

"नाव दुकानवालीने ठेवलं होतं, ताई."

"माहीत आहे मला. तुमची चूक नाही हेही आता कळलं. तरी मी तुम्हाला परत घेणार नाही."

मी खुर्ची मागे सारली होती, मावशीने माझं मनगट धरून बसवलं. तिने एवढंच मागितलं की तो गाऊन तरी आजीला घालत जा, त्या पडूनच असतात, पाठ कोणाला दिसणार. लेक म्हणाली, तो केव्हाच टाकून दिला. मग तिची जेवणाची सुट्टी संपली.

म्हणजे खोटं पाहून काम गेलं, आणि खरं पाहूनही परत मिळालं नाही. कज्जे मी लढेन, ते माझं काम. पण निकाल लागेपर्यंत मावशीने खायचं काय? ती सकाळी उठते, कोट धुते, वाळत घालते, आणि दारात बसून राहते. परवा शेजारच्या म्हाताऱ्याला उगाच उठवून बसवलं, पाठ बघू म्हणून. त्याला काही झालेलं नव्हतं.

मला तुमची हळहळ नको आणि माफीही नको. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर संघटनेच्या खोलीवर या. ब्युरोवाल्याला मध्ये घेऊ नका. हवं तर आठवडाभर समोर बसून तिचं काम बघा. पण या, आणि छापील मावशीला कामावर घेऊन जा.